अंत्युखियाची अर्धी गोष्ट

रविवार, १५ सप्टेंबर २०२४

प्रिय सुनू,

पाकीट बघून आधी घाबरली असशील. जर्मनीत टपालाने येतं ते एकतर फिनान्सआम्टचं, म्हणजे टॅक्सवाल्यांचं, नाहीतर दंडाचं. पण हे माझंच आहे, शमिकाचं. अक्षर ओळखलंस का? हॉस्टेलमध्ये तुला या अक्षराचा भारी वैताग होता.

मोबाईल ठेवून दिलाय मी. आम्ही सगळ्यांनीच. हसू नकोस. हेर्त्सोगेनआउराखचा फ्लॅट सोडला आणि वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात आलो. आजूबाजूला नुसती कार्प माशांची तळी. इथे एक बंद पडलेला गास्टहोफ आहे, खाली खाणावळ आणि वर राहायच्या खोल्या. हृषीच्या ऑफिसातला फोल्कर आणि त्याच्या ओळखीची नऊ कुटुंबं तिथे एकत्र राहतात. आता आमच्यासकट दहा. हे कुठल्या चर्चचे लोक नव्हेत. चर्च बांधायला लागायच्या आधी जे होतं ते आम्हाला हवंय, असं ते म्हणतात.

गेलं वर्ष माझं कसं गेलं ते तुला ठाऊक आहे. हृषी कामावर, ओवी शाळेत, आणि मी बाल्कनीत उभी राहून समोरच्या बाईचे वाळत घातलेले कपडे बघायची. इथे पहिल्याच दिवशी सहा बायकांनी मिळून माझं कपाट लावून दिलं, आणि एकीने माझा कुकर कसा लावायचा ते विचारून घेतलं. मी रडले ग. किती दिवसांनी कुणी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहिलं होतं.

आल्झो, तर आता मुद्दा. जेवताना विषय निघाला की पहिले ख्रिस्ती लोक जमायचे तरी कुठे? मी फुशारकीने म्हटलं, माझी मैत्रीण बॉनच्या युनिव्हर्सिटीत नेमकं हेच शिकवते! तेव्हा आता माझी लाज राख आणि सविस्तर लिही. ओवी मजेत आहे. मराठीत विचारलं की अजूनही जर्मनमध्येच उत्तर देते.

तुझी
शमे


बॉन, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय शमे,

तू मला प्रश्न विचारलास! बारा वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा. नवऱ्याला शिलालेख दाखवले की तो जांभई देतो, विद्यार्थी घड्याळाकडे बघतात. आता भोग आपल्या कर्माची फळं.

ते घरात जमायचे. अडीचशे-तीनशे वर्षं त्यांच्याकडे देऊळ म्हणावं असं काही नव्हतं. कुणाचं तरी घर, बहुतेक वेळा एखाद्या खमक्या बाईचं, मधे टेबल, आणि त्या टेबलाशी गुलाम, व्यापारी, विधवा, सैनिक असे सगळे. इथे बॉनच्या मोठ्या चर्चखाली रोमन काळातली एक चिमुकली खोली सापडली आहे. कडेने दगडी बाकं आहेत, मधे दोन दगडी टेबलं. मेलेल्या माणसांच्या आठवणीत तिथे जेवत. ते जेवणारे ख्रिस्ती होते की नव्हते यावर आम्ही अजून भांडतो.

आणि हे पसरलं कसं, तर पत्रांनी! एका गावच्या मंडळीला पत्र यायचं, ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, मग त्याची नक्कल करून पुढच्या गावाला पाठवायचे. यरुशलेमहून तेव्हाच्या सीरियातलं अंत्युखिया, तिथून ग्रीसमधलं करिंथ, रोम, आणि शेवटी आपली ही ऱ्हाईन. पूर्वेकडे इराणमार्गे थेट आपल्या कल्याणपर्यंत. सहाव्या शतकातला एक ग्रीक प्रवासी कल्याणला ख्रिस्ती मंडळी असल्याचं लिहून गेलाय. नगरला आमच्या चर्चमध्येही बिशपसाहेबांचं पत्र आलं की आजी पहिल्या बाकावर जाऊन बसायची, नीट ऐकू यावं म्हणून.

तुझ्या घरात माणसं आली हे वाचून फार बरं वाटलं. पण मोबाईल अधूनमधून उघड, ओवीचे फोटो पाठव.

सुनू


रविवार, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय सुनू,

तुझं पत्र हिट झालं! हृषीने ते जेवणानंतर उभं राहून सगळ्यांना जर्मनमध्ये सांगितलं. चाळीस माणसं, पण चमच्याचा आवाज नाही. संपल्यावर फोल्करने ते मागून घेतलं आणि एका फाईलमध्ये लावलं. म्हणाला, बघा, न मागता आपल्याला पत्र आलं. मी म्हटलं, अहो, मीच मागवलंय! सगळे हसले. तो नाही हसला.

आता आम्ही सगळे एकाच लांब टेबलाशी जेवतो. आपापल्या खोलीत चूल नाही. कुकर मी देऊन टाकला. बरं वाटतं ग. कुणी काय खायचं, किती वाजता झोपायचं, कशाचाच विचार करावा लागत नाही.

पुढच्या महिन्यात आई पुण्याहून येतेय. एर्लांगेनच्या दिवाळीला मात्र यंदा जाणार नाही, तिथे नुसता गोंगाट असतो असं हृषीचं म्हणणं आहे.

दोन प्रश्न आहेत. हे फोल्करने लिहून दिलेत, मी फक्त मराठीत करतेय. एक, टेबलाशी कुणाला बसू देत? म्हणजे बाहेरच्या माणसाला? दोन, गावावर संकट येणार असं दिसल्यावर त्या लोकांनी काय केलं?

लवकर लिही. रविवारी वाचायचं असतं.

शमे


बॉन, २७ ऑक्टोबर २०२४

प्रिय शमे,

चाळीस माणसं चमचे खाली ठेवून माझं ऐकतात! आमच्या डिपार्टमेंटला सांगायला हवं. तुझ्या त्या फोल्करला माझा नमस्कार. माणूस गंभीर दिसतोय, पण प्रश्न नेमके विचारतो, जा, त्याबद्दल मार्क द्यायलाच हवेत.

आधी दुसऱ्याचं उत्तर. यरुशलेमवर रोमन फौजा चालून येणार होत्या. त्याआधी तिथली मंडळी घरदार सोडून यार्देन म्हणजे जॉर्डन नदीपलीकडे पेल्ला नावाच्या गावी निघून गेली, असं एका जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. त्यांना देवाकडून तशी सूचना झाली होती म्हणे. मागे राहिले त्यांचे फार हाल झाले. गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते, नाही का? शहर मागे धुरात आणि ही माणसं पोरंबाळं घेऊन नदी उतरताहेत.

आता टेबल. हा तर कळीचा प्रश्न. सुरुवातीला सगळे यहुदीच होते, त्यांचे खाण्यापिण्याचे नियम कडक. परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, एका ताटाला बसायचं नाही. अंत्युखियाला मात्र दोघं एकत्र जेवायला लागले, येशूचा पट्टशिष्य पेत्रसुद्धा त्यांच्यात बसला. मग यरुशलेमहून काही वजनदार माणसं आली आणि पेत्रासारखा पेत्र परक्यांच्या पंगतीतून उठून गेला! वेगळा जेवायला लागला. बाकीचेही त्याच्या मागोमाग उठले.

याच्यापुढे जे झालं ती खरी गंमत, पण उद्या सकाळी माझा सेमिनार आहे आणि तयारी शून्य. राहिलेलं पुढच्या पत्रात. काकूंना साष्टांग नमस्कार सांग, बाकरवडी माझ्यासाठी वेगळी काढून ठेव.

सुनू


२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुनेत्रा,

उत्तराला उशीर झाला. इथे कामं फार आहेत.

तुझं दुसरं पत्र तीन रविवार वाचलं. पहिल्याच रविवारी पेत्राप्रमाणे करायचं ठरलं. जे मंडळीतले नाहीत त्यांच्याबरोबर आम्ही आता जेवत नाही. ओवी शाळेत खिडकीपाशी एकटी बसून डबा खायची. तिच्या बाईंनी बोलावून विचारलं, तेव्हा हृषीने समजावून सांगितलं. आता तो प्रश्नच उरला नाही, शाळा सुटली.

आई येऊन गेली. तिला वेगळं टेबल दिलं होतं, दाराजवळ. ताट-वाटीही वेगळी. मीच नेऊन दिलं तिला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, शमे, माझ्या लहानपणी आमच्या घरी कामाच्या बाईला असं वाढायचे. तिकीट बदलून आठ दिवस आधीच गेली. ती जुन्या वळणाची आहे, तिला कळणार नाही असं सगळे म्हणतात. मला त्या दिवशी तिच्या टेबलाशी जाऊन बसावंसं वाटत होतं, पण तसं होतं म्हणे सुरुवातीला.

आम्हीही पेल्लाला जाणार आहोत. खरं नाव वेगळं आहे, डोंगरातली जागा आहे. कुठे ते अजून बायकांना सांगितलेलं नाही. तिघांची आबमेल्डुंग झाली, म्हणजे इथल्या पत्त्यावर आता आम्ही कुणी राहत नाही. पासपोर्ट सगळ्यांचे एकत्र ठेवलेत.

आमच्यासारखीच कासेलला आणि ड्युसेलडॉर्फला घरं आहेत, त्यांनी तुझ्या पत्रांच्या नकला मागवल्या. त्यांनाही निघायचंय. फोल्कर विचारतो, पेल्लाला जी सूचना झाली ती कुणाला झाली होती? एकालाच झाली असेल ना?

शमिका


बॉन, २८ नोव्हेंबर २०२४

शमे, आणि हे पत्र ऐकत असलेले सगळे,

हृषिकेश, हे शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांग. मधलं काही गाळू नकोस.

मी एक गोष्ट अर्धी सोडली. सेमिनार होता म्हणून सोडली, आणि खरं सांगायचं तर ऐकणारं कुणी मिळालं म्हणून मी इतकी हुरळून गेले होते की हे प्रश्न नक्की कोण विचारतंय आणि कशाला, हे विचारायचंही मला सुचलं नाही. ती माझी चूक. आता उरलेली गोष्ट ऐका. पेत्र पंगतीतून उठला, तेव्हा पौल नावाच्या दुसऱ्या प्रचारकाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. म्हणाला, तू चुकतोयस. पेत्र वागला तो नियम नव्हता, ती त्याची भीती होती. आणि तुम्ही ज्या पसरण्याचं एवढं कौतुक करता, ते त्या दिवशी पौल गप्प बसला असता तर झालंच नसतं. यरुशलेमच्या चार गल्ल्यांत एक लहानसा पंथ राहिला असता आणि विझला असता. सुंता न झालेल्या, डुक्कर खाणाऱ्या, कुळाचा पत्ता नसलेल्या माणसांना टेबलाशी जागा मिळाली म्हणून ते अंत्युखियाच्या बाहेर पडलं. माझ्या घरापर्यंत आलं तेही त्याच वाटेने.

माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले. गावात त्यांना पाणी वरून ओंजळीत घालायचे. एका रविवारी मिशनच्या बंगल्यावर त्यांना सगळ्यांच्या ओळीत बसवून जेवायला वाढलं. बटाट्याचा रस्सा आणि भाकरी. आजी सांगायची की म्हातारपणी त्यांना मुलांची नावं आठवेनाशी झाली, पण तो रस्सा आठवायचा. आणि शमे, तू स्वतःच्या आईला दाराजवळ वेगळ्या ताटात वाढलंस. माझ्या पत्रावरून वाढलंस.

पेल्लाचं म्हणाल तर ते लोक खरंच गेले होते की नाही यावरसुद्धा इतिहासकारांचं एकमत नाही. सूचना एकट्याला झाली होती, असं मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. जो माणूस तुमचे पासपोर्ट ठेवून घेतो आणि कुठे जायचं ते बायकांना सांगत नाही, त्याला पहिल्या मंडळीत कुणी दारात उभं केलं नसतं.

शमे, आता फक्त तुझ्याशी बोलते, बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल. आबमेल्डुंग केली तरी नव्या पत्त्यावर परत नोंद, आनमेल्डुंग, करता येते. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. शनिवारी, ७ डिसेंबरला अकरा वाजता मी गाडी घेऊन गास्टहोफच्या दारात उभी राहीन. ओवीला घेऊन नुसती बाहेर ये. सामान नको, पासपोर्ट नको, हृषीशी वाद नको. पुढचं आपण दोघी बघू. मला भीती वाटतेय ग. इतकी भीती मला आजवर वाटली नव्हती.

तुझी
सुनू


४ डिसेंबर २०२४

आदरणीय सुनेत्राताई,

तुमचं तिसरं पत्र रविवारी वाचण्यात आलं.

मंडळीने तीन दिवस विचार केला. तुमची पहिली दोन पत्रं आम्ही स्वीकारली आहेत, ती पेल्लालाही वाचली जातील. तिसरं तुमचं नाही असं ठरलं. अक्षर तुमचं आहे, पण लिहिणारी ती नव्हे, असं फोल्कर म्हणतात आणि आम्हाला ते पटलं. पहिल्या काळातही अशी पत्रं येत असत आणि ती बाजूला काढत असत, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याची नक्कल कुठल्याही घरी जाणार नाही.

हे पत्र मी स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे असं तुम्हाला कळवायला मला सांगितलं आहे.

तुम्ही तारीख कळवलीत त्यामुळे आम्हाला तयारीला सोपं गेलं. शनिवारी येऊ नये.

ओवी माझ्याजवळ आहे. तिचा दात पडला, खालचा.

शमिका


बॉन, ८ डिसेंबर २०२४

प्रभाकाकू,

तुम्हाला फोनवर बोलताना मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. मेसेजने कळवण्यासारखं हे नाही.

शमिकाचं पत्र शुक्रवारी मिळालं. येऊ नये असं लिहिलं होतं, तरी मी गेले. शनिवारी अकराला नाही, सकाळी साडेआठलाच जाऊन थांबले. गास्टहोफला कुलूप होतं. शेजारच्या तळ्यावर एक म्हातारा जाळी धूत होता. तो म्हणाला, दोन बस आल्या होत्या, गुरुवारी. मुलं झोपलेली होती, उचलून नेली. काचेतून आत बघितलं तर ते लांब टेबल पुसून लख्ख ठेवलेलं. दाराजवळ एक छोटं टेबल आणि एकच खुर्ची. काकू, ते तुमचं असणार.

पोलिसांकडे गेले. त्यांनी तासभर सगळं ऐकून घेतलं, पत्रांचे फोटो काढले. पण मोठी माणसं आपणहून गेलीत, मुलीबरोबर आई-वडील दोघं आहेत, कागदपत्रं रीतसर आहेत. शोध घेतो म्हणाले. एका वकीलबाईंना उद्या भेटतेय. तुम्ही तिथे पुण्यात तक्रार करा, हृषिकेशच्या आई-वडिलांनाही बरोबर न्या. जितक्या ठिकाणी नोंद होईल तितकं बरं.

तुम्ही मला फोनवर म्हणालात, तुझा काय दोष? काकू, दोष आहे. ते घर त्या माणसाने बांधलं, पण दाराची मापं माझ्याकडून मागवून घेतली आणि मी ती हौसेने पाठवली. आणि शेवटी तारीखसुद्धा मीच कळवली. मी न कळवता गेले असते तर आज तुमची नात माझ्या घरी असती. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तुम्ही मला बोला, शिव्या द्या. फक्त फोन उचलत जा.

सुनेत्रा


ड्युसेलडॉर्फ, २ जानेवारी २०२५

आदरणीय सुनेत्राताईंना सादर नमस्कार,

आपली ओळख नाही. माझं नाव ऊर्मिला. मी, माझे मिस्टर गौरांग आणि आमचा विहान, आम्ही इथे सहा वर्षं आहोत. तुमची दोन्ही पत्रं आमच्या घरी मूळ मराठीत वाचली गेली. बाकीच्यांना जर्मनमध्ये ऐकावी लागतात, आम्हाला आपल्या भाषेत मिळाली, याचा मला फार आनंद वाटतो. किती सोपं लिहिता तुम्ही! तुमचा पत्ता पहिल्या पाकिटावर होता, तो मी उतरवून घेतला. फोल्करना विचारलेलं नाही. तुम्हाला लिहायला कुणाची परवानगी कशाला लागेल, असं मला वाटलं.

आमचंही निघायचं ठरलं आहे. सोमवारी, सहा तारखेला पहाटे. फ्लॅटच्या किल्ल्या दिल्या, मोबाईल रविवारी देऊ. मला भीती अशी वाटत नाही. फक्त एका गोष्टीचा उलगडा होत नाही, आणि इथे विचारलं तर सगळे म्हणतात, पत्रात बघ. पण तुमच्या पत्रात ते नाही.

डिसेंबरमध्ये शमिकाताई आणि त्यांची ओवी वाटेत तीन दिवस आमच्याकडे होत्या. ओवीला आधी काही सांगितलेलं नव्हतं. ती जेवायची नाही. जर्मनमध्ये सारखं विचारायची, घरी कधी जायचं? शमिकाताई तिच्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी ओवीने विचारणं बंद केलं. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोरून ती मुलगी हलत नाही.

विहान पाच वर्षांचा आहे. त्याच्या बाबतीत आमच्याकडून चूक होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारते. पहिली मंडळी पेल्लाला निघाली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांना आधी सांगितलं होतं का?

सोमवारच्या आत उत्तर आलं तर फार बरं होईल. तुम्ही सांगाल तसंच करू.

आपली नम्र,
ऊर्मिला